वाढत्या मापाचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण मला एक उजवा भाऊ आहे आणि त्याची नि माझी गल्लत केलेली मला खपत नाही. तो स्वभावाने गरीब. कुणी चिखलात बुडवले तरी वाळेपर्यंत गप्प बसतो. मी तसा नाही. मित्रांनो, आपल्या भाषेत बूट चावतो असे म्हणतात, आणि एखाद्यावर दात धरतो असेही म्हणतात. माझ्या टाचेच्या आत, वरच्या बाजूला, एक कडक काठ आहे. तोच माझा दात. तो मी कुणावर धरला आणि पुढे काय झाले, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका बुटांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. खोलीला एक खिडकी होती, खिडकीपाशी एक बुटके स्टूल होते आणि स्टुलावर अप्पा बसत. भिंतीवर पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेले, खाली कातड्याचे तुकडे, डब्यात मेण लावलेला दोरा आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा वास. अप्पांनीच मला बेतले, कापले आणि शिवले. माझ्या टाचेला टाका घालताना त्यांच्या बोटाला आरी लागली. रक्ताचा तो ठिपका माझ्या अस्तरावर अजून आहे. अप्पांनी बोट तोंडात धरले, चोखले आणि पुढचा टाका घातला.

अप्पांची एक खोड होती. स्वतःच्या मुलांचे बूट ते कायम वाढत्या मापाचे करत. मूल बूट घालून उभे राहिले, की ते खाली बसून बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघत. बोटांच्या पुढे अंगठाभर जागा असली की म्हणत, "बसला." नसली की बूट काढून घेत आणि पुन्हा उसवत. त्यामुळे त्या घरातल्या एकाही मुलाला शाळेत कधी मापाचा बूट मिळाला नाही. नवा असताना तो पायात खुळखुळत असे आणि मापाचा होईतो फाटलेला असे.

त्यांची थोरली मुलगी पूल बांधायचे शिकायला परदेशी निघाली, तेव्हा तिच्यासाठी आम्ही दोघे भाऊ घडलो. अप्पा तिला बयो म्हणत, म्हणून मीही बयोच म्हणतो. तिने आम्हाला पायात घातले, अप्पांनी अंगठा दाबला आणि अंगठाभर जागा सापडल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

बयोची आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, घोडी झाली आहे ती. आता कुठे वाढतायत तिचे पाय?"

"परदेशी चालली आहे ना? तिकडे वाढतील," अप्पा म्हणाले.

निघायच्या दिवशी सामान दारात ठेवून अप्पा पुन्हा खाली बसले आणि त्यांनी आमच्या नाड्या स्वतः बांधल्या. दुहेरी गाठ मारली. "गाठ सुटली तर थांबून बांधायची, बयो. पुढे गेल्यावर बघू, असं म्हणायचं नाही." बयो हो म्हणाली. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती वर बघत होती. मी खाली होतो. मला अप्पांचे डोळे दिसले.

नव्या गावात सुरुवातीचे दिवस माझे फार मानाचे गेले. तिथे थंडी होती, पाऊस होता आणि रस्त्यांवर पाण्याची डबकी होती. बयो माझ्या टोकात कापसाचा बोळा कोंबायची, पायात मोज्यांवर मोजे चढवायची आणि आमच्या जिवावर बिनधास्त चालायची. तिच्या पायाला आम्ही पाण्याचा थेंब लागू दिला नाही. घरमालकीणबाई जिना पुसत होत्या, त्यांनी आम्हाला बघून फडके खाली ठेवले आणि म्हणाल्या, "काय बूट आहेत गं. असं काम आता कुठे बघायला मिळतं?" त्या दिवशी माझी छाती, म्हणजे पुढचा फुगीर भाग, अंमळ जास्तच फुगली होती.

मग तो दिवस उजाडला. कॉलेजच्या पायऱ्यांवर बयोच्या वर्गातली मुले उभी होती. त्यांच्यात एक मुलगा होता. पांढरेशुभ्र बूट घालायचा आणि पायरी चढली की रुमालाने ते पुसायचा. मी त्याचे नाव टापटीप ठेवले आहे. टापटीपने आमच्याकडे बघितले आणि विचारले, "या होड्या कुठून आणल्यास?"

सगळे हसले. बयोही हसली. हसली ते मी एक वेळ सोडून दिले असते. वर्गात तिच्याशी अजून कुणी धड बोलत नव्हते आणि चारचौघांत मिसळायचे तर माणूस हसतो. पण ती पुढे म्हणाली, "अरे, जुन्या बाजारात मिळाले. तात्पुरते आहेत. टाकायचेच आहेत."

जुन्या बाजारात! मित्रांनो, माझ्या अस्तरावरचा रक्ताचा ठिपका त्या क्षणी गरम झाला. अप्पांच्या स्टुलावर माझा जन्म झाला, आणि ही त्यांची पोटची पोर मला बाजारातला म्हणते. माझी जीभ, म्हणजे नाड्यांखालची कातडी पट्टी, कोरडी पडली. बुटाला जीभ असून बोलता येत नाही, याचे इतके वाईट मला आधी कधी वाटले नव्हते. मी तिथल्या तिथे ठरवून टाकले. ज्या तोंडाने तू अप्पांना नाकारलेस, त्याच तोंडाने, याच माणसांसमोर, खरे सांगशील. तोवर तुला सुखाने चालू देणार नाही. तेव्हापासून माझा तिच्यावर दात होता.

पण सूड घ्यायला पाय लागतो, आणि तिने पायच काढून घेतला. संध्याकाळी आमची रवानगी पलंगाखाली झाली. तिने कापडी बूट घेतले आणि आम्हाला विसरली. आम्ही ओले होतो, तसेच ठेवले. ना पुसले, ना पॉलिश लावले. माझ्यावर बुरशीची पांढरी लव आली. कातडे सुकून ताठ झाले आणि जिथे पाय दुमडतो तिथे चिरा पडल्या. एक गोष्ट मात्र झाली. टाचेचा काठ पहिल्यापेक्षा कडक झाला. उजवा मला समजावायचा, "पोरगी एकटी आहे रे. घाबरून बोलली असेल." मी म्हणायचो, "तू गप. तुझ्या अस्तरावर ठिपका नाही."

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाही. मला घाई नव्हती.

एका सुट्टीच्या सकाळी पलंगावर दोघींचे बोलणे चालले होते. एक बयो आणि दुसरी तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण, आपल्याच भाषेतली. बयोच्या वर्गातली मुले जवळच्या शहरात दिवसभरासाठी चालली होती. तिथे एक जुना दगडी पूल होता आणि पुलाच्या टोकाला उंच मनोरा होता. त्यांनी बयोला पहिल्यांदाच बरोबर बोलावले होते. तिच्या आवाजात इतका आनंद होता, की मला बुरशीतही तो टोचला.

"बाहेर पाऊस बघ," मैत्रीण म्हणाली. "त्या कापडी बुटांचा चोथा होईल. पलंगाखालचे घाल की."

"शी. बरं, जाताना घालते. तिथे मोठं दुकान आहे म्हणतात. नवे घेईन आणि हे तिथेच टाकून येईन."

म्हणजे जाताना पायात आणि येताना कचऱ्यात. उजवा सुस्कारा टाकून म्हणाला, "चला, शेवटचं एकदा शहर तरी बघू." मी म्हणालो, "तू बघ शहर. मला काम आहे."

बयोने आम्हाला ओढून काढले, जुन्या पायमोज्याने वरवर पुसले आणि घाईघाईत पाय घातला. कापसाचा बोळा माझ्या पोटात तसाच होता. गाडीत मी शहाण्यासारखा बसून राहिलो. बसलेल्या माणसाला चावून उपयोग नसतो. बयो खिडकीपाशी होती, सगळ्यांशी बोलत होती, पुलाच्या कमानींविषयी काहीतरी समजावून सांगत होती आणि टापटीपसुद्धा ऐकत होता. खूश राहा, मी मनात म्हटले. स्टेशन येऊ दे.

स्टेशनाबाहेर पडताच मला हवा तसा रस्ता मिळाला. जुन्या शहराचे रस्ते सगळे दगड बसवलेले, वरखाली, ओले. मी आधी मोजा गिळायला घेतला. प्रत्येक पावलाला थोडाथोडा आत ओढला, आणि टाच उघडी पडेपर्यंत सोडला नाही. मग जीभ एका बाजूला सरकवली. मग कापसाचा बोळा वळवून करंगळीखाली नेला. वाटेत एक बारीक खडा मिळाला, तो तोंडात घेतला. आणि एवढी तयारी झाल्यावर टाचेला दात लावला. बयो थबकली. तिने पाय झटकला, पुन्हा चालू लागली. मी पुन्हा लावला.

ती लंगडू लागली. बाकीचे पुढे, ही मागे. प्रत्येक कोपऱ्यावर ते थांबून हाक मारत आणि ती हसून हात हलवत पळायचा प्रयत्न करी. एकदा तर मी नाडीही सोडली. बयोने बघितले, पुढे गेलेल्या घोळक्याकडे बघितले आणि सुटलेल्या नाडीनेच चालत राहिली. पुढे गेल्यावर बघू. अप्पा नेमके हेच करू नको म्हणाले होते. मला दुप्पट राग आला आणि मी दुप्पट चावलो.

"काय गं, होडी बुडतेय वाटतं," टापटीप मागे वळून म्हणाला.

"बुडू दे," बयो म्हणाली. "इथेच दुकान आहे ना? चला, नवेच घेते."

सगळा घोळका दुकानात शिरला. दुकान प्रशस्त होते, आरसे होते, बसायला मऊ बाके होती. दुकानदारीणबाई वयस्क होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला बयोच्या पायातून काढले आणि हातात घेऊन उलटासुलटा केला. त्यांनी टाचेवरून अंगठा फिरवला तेव्हा मला अप्पांची आठवण आली. नको त्या वेळी आली.

"हे कुठे घेतलेत?" त्यांनी विचारले.

सगळे ऐकत होते. मित्रांनो, मी तिला संधी दिली. दात आवरून, जीभ सरळ करून, मी वाट बघत राहिलो. बयो आरशात बघत म्हणाली, "जुन्या बाजारात."

ठीक आहे, मी म्हटले. एकदा घाबरून बोललीस असे उजवा म्हणत होता. आता हे दुसऱ्यांदा.

बयोने नवे बूट घेतले. चकचकीत, निमुळते, अगदी मापाचे. टोकाशी तसूभर जागा नाही. दुकानदारीणबाईंनी आम्हाला टाकून द्यायला डबा दाखवला, पण बयो का कोण जाणे म्हणाली, "पिशवीत द्या. मी बाहेर टाकीन." पिशवीत आम्ही एकमेकांच्या अंगावर आडवे पडलो. बाहेर नव्या बुटांची टकटक ऐकू येत होती. सुरुवातीला जोरात, मग जपून. मग तिच्यात एक ओळखीचा खंड पडू लागला. मी कान टवकारले. ती लंगडत होती. डाव्याच नव्हे, दोन्ही पायांनी. नव्या बुटांनी काही वैर नसताना, केवळ आखूडपणामुळे, माझे काम उचलले होते. मी पिशवीत मनसोक्त हसलो. आपला सूड दुसऱ्याने फुकट उगवून दिला, की फार समाधान वाटते.

पूल झाला, पुलावर फोटो झाले. मनोऱ्यापाशी आल्यावर टापटीप म्हणाला, "ती पिशवी काय वर नेणार आहेस? टाक ना." तिथे एक बाक होते आणि बाकाला लागून कचऱ्याचा डबा. बयो डब्यापाशी गेली. पिशवीचे बंद तिच्या बोटात होते, आणि ती बोटे उघडेनात. शेवटी तिने आम्हाला डब्यात टाकले नाही, डब्याशेजारी जमिनीवर ठेवले आणि मान खाली घालून मनोऱ्याच्या जिन्याकडे गेली.

पाऊस पिशवीवर टपटपत होता. एक झाडूवाला आला. त्याने पिशवी उचलली, आत डोकावला. संपले, असे मला वाटले, आणि मला मरणाचे दुःख झाले नाही, हिशेब अर्धा राहिल्याचे झाले. झाडूवाला आपल्याशीच म्हणाला, "कुणाचे तरी राहिलेत वाटतं." आणि त्याने आम्हाला बाकावर, छपराखाली ठेवले.

बऱ्याच वेळाने मनोऱ्याचा जिना उतरून घोळका खाली आला. बयो सगळ्यांच्या मागे होती. तिने नवे बूट हातात घेतले होते आणि ती ओल्या दगडांवर नुसत्या मोज्यांनी, कठड्याला धरून येत होती. मोज्यांच्या टाचा लाल झाल्या होत्या. दिवसभर चालून आणि जिने चढून तिचे पाय सुजून टम्म झाले होते.

"अगं, चल ना," टापटीप घड्याळ बघत म्हणाला. "गाडी चुकेल. ही शेवटची आहे. घाल ते बूट."

"जात नाहीत रे पायात."

"मग आम्ही होतो पुढे."

बयोने इकडेतिकडे बघितले आणि तिला बाकावरची पिशवी दिसली. ती आमच्यापाशी येऊन बसली. मला बाहेर काढले, उलटा करून आपटले. खडा पडला. बोट घालून तिने कापसाचा बोळा ओढला आणि फेकून दिला. मग पाय घातला.

मित्रांनो, आता खरी वेळ माझी होती. ती अडचणीत होती, गाडी सुटत होती, टाच सोललेली होती आणि माझा दात तिच्यापासून केसभर अंतरावर होता. एकदाच चावलो असतो तर ती त्या परक्या शहरात बसून राहिली असती. मी जबडा आवळला. पण पाय आत आला तो येतच राहिला. सुजलेला पाय टाचेपासून टोकापर्यंत मला भरून बसला. जन्मापासून माझ्यात जी पोकळी होती, ती उरली नाही. चावायला जागाच राहिली नाही.

बयोलाही ते कळले. ती वाकली आणि तिने माझ्या टोकावर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. मग ती तशीच वाकलेली राहिली आणि तिचे खांदे हलू लागले. हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही. तिने नाड्या ओढून दुहेरी गाठ मारली. घाई असताना, सगळे बघत असताना, थांबून मारली.

"परत होडी?" टापटीप म्हणाला. "टाकायच्या होत्या ना?"

बयो उभी राहिली. "या होड्या जुन्या बाजारातल्या नाहीत," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. हे माझ्या वडिलांनी शिवलेत. बूटच शिवतात ते. माझे पाय वाढतील म्हणून त्यांनी जागा ठेवली होती."

कुणी हसले नाही.

तेच तोंड, तीच माणसे. माझी अट पुरी झाली. तिला मी माफ केले का, असे उजवा मला विचारत असतो. नाही केले. माफ करणे वेगळे आणि फेडून घेणे वेगळे. मी फेडून घेतले. मात्र त्यानंतर स्टेशनापर्यंत ती जी पळाली, त्यात मी एकदाही दात लावला नाही. ओल्या दगडांवर तिचा पाय घसरू दिला नाही. सगळ्यात पुढे धावून गाडीच्या डब्याचे दार तिनेच धरून ठेवले.

टापटीपचे मात्र राहिले होते. डब्यात तो समोर पाय पसरून बसला. गाडी एका वळणावर हलली, बयोचा तोल गेला आणि मी, दिवसभराचा चिखल तळाला घेऊन, त्याच्या पांढऱ्या बुटावर पूर्ण वजनाने उतरलो. टाचेसकट ठसा उमटला. तो रुमालाने घासत राहिला आणि मी बघत राहिलो. तसा सुखाचा प्रवास मला पुन्हा घडला नाही.

आता मी थकलो आहे. चिरा गेल्या नाहीत, पण बयो आम्हाला पुसते, पॉलिश लावते आणि दाराजवळ ठेवते. सकाळी तिचे पाय पुन्हा लहान असतात, तेव्हा मी तिला हळूच एकदा दात लावतो. फक्त आठवणीसाठी.

परवा तिने अप्पांना फोन लावला आणि आम्हाला पडद्यासमोर धरले. "अप्पा, जागा संपली," ती म्हणाली.

"संपली? बघ, मी म्हणत होतो ना तुझ्या आईला? पाय वाढले."

"सुजले असतील," मागून आईचा आवाज आला.

"वाढलेत," अप्पा म्हणाले. "पुढच्या जोडीला दीड अंगठा जागा सोडतो. कातडं आणून ठेवलंय."

कातडे आणून ठेवले आहे म्हणे. उजवा आनंदाने म्हणाला, "म्हणजे धाकटे भाऊ येणार." मी मनात म्हटले, येऊ देत. दाराजवळची जागा कुणाची, ते त्यांना पहिल्याच दिवशी कळेल.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना जुन्या वस्तू हात जोडतात आणि आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. मला हात नाहीत, तेव्हा सरळच सांगतो. कुणीतरी तुमचे माप घेऊन तुमच्यासाठी केलेली एखादी वस्तू तुमच्या पलंगाखाली पडली असेल, तर तिला आज बाहेर काढा. पुसा. ती कुणी केली असे कुणी विचारले, तर खरे सांगा. नाही सांगितलेत तर मी काही तुमच्या घरी येऊ शकत नाही. यायची गरजही नाही. तुमच्या पलंगाखाली जो कोणी आहे, त्याने तुमचे सगळे बोलणे ऐकलेले आहे.